सुधारणेचे वेष्टन आणि आतला माल : मार्क ट्वेनच्या साम्राज्यविरोधी लेखनाची चिकित्सा

मराठी वाचकाच्या मनातील अमेरिकेची प्रतिमा बऱ्याच अंशी दोन घटनांनी घडविली आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे जॉन ड्यूई यांच्यासारख्या सुधारणावादी विचारवंतांचा सहवास त्यांना लाभला. या दोन्ही घटनांतील अमेरिका ही बेड्या तोडणारी, शाळा उघडणारी आणि प्रश्न विचारू देणारी अमेरिका आहे. ही प्रतिमा खोटी नाही. मात्र त्याच सुमारास, तीच सुधारणेची भाषा बोलणारी माणसे प्रशांत महासागरापलीकडील फिलिपाईन्स बेटांवर राज्य करीत होती आणि त्या राज्याच्या दक्षिण टोकाला सुलू व मिंदानाओ येथील मुसलमान राहत होते. स्पॅनिश लोकांनी त्यांना 'मोरो' हे नाव दिले होते. स्पेनमधील 'मूर' मुसलमानांशी शतकानुशतके लढल्यामुळे त्यांच्या तोंडी तेच नाव बसले होते आणि अमेरिकनांनी ते तसेच पुढे चालविले.

या दुसऱ्या अमेरिकेविषयी खुद्द अमेरिकेत ज्यांनी लिहिले, त्यांत मार्क ट्वेन याचे स्थान मोठे आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या १९०१ आणि १९०६ मधील लेखनाची चिकित्सा करावयाची आहे. ट्वेनने साम्राज्याला विरोध केला एवढे सांगून त्याची थोरवी सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. तसे लेख पुष्कळ झाले आहेत. त्याचा उपरोध नेमका कशामुळे परिणामकारक झाला आणि कोणत्या ठिकाणी तो अपुरा पडला, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

एकाच माणसाची दोन कामे

१८९० ते १९१७ या काळात अमेरिकेत जी सुधारणावादी चळवळ झाली, तिचे कार्य लहान नव्हते. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालणे, नगरपालिकांतील भ्रष्टाचार उघड करणे, बालमजुरी थांबविणे, अन्न आणि औषधे यांतील भेसळ रोखणे असे प्रश्न तिने हाती घेतले. १९०६ हे वर्ष तर या चळवळीचे सुगीचे वर्ष म्हणावे लागेल. त्या वर्षी फेब्रुवारीत अप्टन सिंक्लेअर याची 'द जंगल' ही शिकागोच्या कत्तलखान्यांवरील कादंबरी पुस्तकरूपाने आली, आणि ३० जून रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांस तपासणीचा व शुद्ध अन्न आणि औषधांचा असे दोन्ही कायदे सहीनिशी अंमलात आणले.

याच वर्षी मार्च महिन्यात सुलू द्वीपसमूहातील होलो बेटावर बुद दाहो नावाच्या मृत ज्वालामुखीच्या विवरात अमेरिकन सैन्याने मोरोंची कत्तल केली. नवा डोईपट्टीचा कर आणि नवी सत्ता मान्य नसलेली शेकडो तौसुग कुटुंबे तेथे बायकामुलांसह जाऊन राहिली होती. चार दिवसांच्या मोहिमेत मेलेल्या मोरोंचा आकडा सहाशेपासून हजारापर्यंत सांगितला जातो. जिवंत राहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. अमेरिकन बाजूचे सुमारे वीस जण मेले. त्या प्रांताचा गव्हर्नर होता जनरल लिओनर्ड वूड. हा वूड शिक्षणाने हार्वर्डचा डॉक्टर. १८९९ ते १९०२ या काळात क्यूबाचा गव्हर्नर असताना पीतज्वराचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणाऱ्या वॉल्टर रीडच्या प्रयोगांना त्याने पाठबळ दिले होते आणि हवाना शहर त्या रोगातून मुक्त झाले होते. मोरो प्रांतातही त्याने शाळा आणि रस्ते काढले, गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. रोग हटविणारा आणि डोंगरावर तोफा चढविणारा, असा हा एकच माणूस होता.

वूड हा अपवाद मानता येत नाही. इंडियानाचा सिनेटर आल्बर्ट बेव्हरिज याने जानेवारी १९०० मध्ये फिलिपाईन्स कायमचे ताब्यात ठेवण्याच्या समर्थनार्थ सिनेटमध्ये गाजलेले भाषण केले. १९०६ मध्ये मांस तपासणीची तरतूद मांडणारा आणि बालमजुरीविरुद्ध राष्ट्रीय कायदा व्हावा म्हणून झगडणारा सिनेटर हाच होता. नियतकालिकांचेही तेच. गोऱ्या माणसाच्या ओझ्यावरील किपलिंगची कविता अमेरिकेत फेब्रुवारी १८९९ मध्ये 'मॅक्‌क्लुअर्स मॅगझिन'मध्ये छापली गेली. त्याच मासिकाने पुढे आयडा टार्बेल व लिंकन स्टेफन्स यांचे तेलकंपनी आणि नगरपालिका यांची अब्रू वेशीवर टांगणारे लेख छापून शोधपत्रकारितेचा नवा मार्ग घालून दिला.

या जोडीचा अर्थ काय लावावा? विल्यम लुक्टेनबर्ग या इतिहासकाराने १९५२ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, सुधारणावाद आणि साम्राज्यवाद ही परस्परविरोधी टोके नसून एकाच वृत्तीची दोन रूपे होती. साधनांपेक्षा परिणामाकडे पाहणे, बलवान शासनावर विश्वास ठेवणे आणि आपल्या राष्ट्राला जगाचे कल्याण करण्याची कामगिरी सोपविली आहे असे मानणे ही ती वृत्ती. पुढील अभ्यासकांनी हे मत फार सरसकट असल्याचे दाखविले, आणि ते रास्तच होते. शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस चालविणाऱ्या जेन ॲडम्स यांनी १८९९ मध्येच लष्करशाहीविरुद्ध भाषण केले होते. साम्राज्यविरोधी संघाचे अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हे पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे सुधारणेच्या वाटेने जाऊनही साम्राज्याला नकार देता येत होता. तो बहुसंख्यांनी दिला नाही, एवढे मात्र खरे.

व्याजस्तुतीचे हत्यार

ट्वेनचा 'टू द पर्सन सिटिंग इन डार्कनेस' हा निबंध 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'च्या फेब्रुवारी १९०१ च्या अंकात आला. शीर्षकाचा अर्थ 'अंधारात बसलेल्या माणसास'. हे शब्द बायबलातील असून मिशनरी प्रचारात ते नेहमी वापरले जात. निबंधाची सुरुवात वर्तमानपत्रांतील कात्रणांनी होते. पहिले कात्रण नाताळच्या समाधानाचे आहे, दुसरे न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील अनाचाराचे आहे आणि तिसरे चीनमध्ये बॉक्सर उठावानंतर गावकऱ्यांकडून दंड वसूल करीत हिंडणाऱ्या एका अमेरिकन मिशनऱ्याचे आहे. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शहरसुधारणेचा प्रश्न आणि परदेशातील उपकाराचा प्रश्न लेखकाने पहिल्याच पानावर शेजारी शेजारी ठेवले आहेत; त्यांचे नाते काय, हे वाचकाने स्वतः ओळखायचे आहे.

पुढे ट्वेन एका व्यापारी कंपनीची कल्पना करतो. संस्कृतीचे आशीर्वाद विकणारा हा एक 'ट्रस्ट' आहे. येथे मराठी वाचकाने थोडे सावध राहावे. आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की धर्मादाय संस्था डोळ्यापुढे येते. त्या काळच्या अमेरिकेत मात्र ट्रस्ट म्हणजे एका धंद्यातील कंपन्यांनी एकत्र येऊन उभारलेली मक्तेदारी. सुधारकांचा पहिला शत्रू तोच होता. शिवाय इंग्रजीत या शब्दाचा 'विश्वास' हाही अर्थ आहेच. ट्वेनने तिन्ही अर्थ एका शब्दात खेळविले आहेत. या ट्रस्टच्या मालाची गासडी बाहेरून सुंदर कापडात बांधलेली असते. न्याय, दया, स्वातंत्र्य, शिक्षण हे नमुने त्या कापडावर दिसतात. ते नमुने घरच्या वापरासाठी आहेत. गासडीच्या आत जो माल असतो तो निराळा असून, त्याची किंमत गिऱ्हाईक आपल्या रक्ताने आणि जमिनीने मोजते.

या रूपकाची ताकद पाच वर्षांनी झालेल्या कायद्याकडे पाहिले म्हणजे अधिक कळते. १९०६ च्या शुद्ध अन्न आणि औषधांच्या कायद्याचा गाभा हाच होता की बाटलीवर जे लिहिले आहे ते आत असले पाहिजे. दारू किंवा अफू असेल तर तसे वेष्टनावर सांगितले पाहिजे. सुधारकांना हा न्याय औषधाच्या बाटलीसाठी मान्य होता. तोच न्याय राज्याच्या धोरणाला लावा, असे ट्वेन १९०१ मध्येच सुचवीत होता. त्याने सुधारकांना परका मापदंड दाखविला नाही. त्यांचीच मोजपट्टी त्यांच्या हातात दिली. उपरोधाला यापेक्षा भक्कम आधार क्वचितच मिळतो.

आपल्या काव्यशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. वरून स्तुती, आतून निंदा, असे त्याचे सामान्य स्वरूप सांगता येईल. ट्वेनचा हा निबंध म्हणजे एक दीर्घ व्याजस्तुती आहे. तो कंपनीवर रागावत नाही. उलट धंद्याचा हितचिंतक होऊन सल्ला देतो की, अलीकडे आपण माल फार उघडपणे दाखवू लागलो आहोत, गिऱ्हाइकाला संशय येऊ लागला आहे, तेव्हा सांभाळून वागावे. उर्दूत आपण मिज़ाह आणि तंज़ असा भेद करतो. पहिल्याने हसू येते, दुसऱ्याने हसता हसता टोचते. ट्वेनची सारी ख्याती मिज़ाहवर उभी होती. त्या ख्यातीच्या बळावरच तो घराघरांत वाचला जात होता, आणि १९०१ मध्ये त्याने तोच वाचकवर्ग तंज़च्या पुढ्यात आणून बसविला.

याच वर्षीचा त्याचा दुसरा लेख आपल्या दृष्टीने विशेष आहे. न्यूयॉर्क महापालिकेच्या १९०१ च्या निवडणुकीत टॅमनी हॉल या बदनाम राजकीय टोळीविरुद्ध सुधारकांनी आघाडी उघडली. ट्वेन तीत उतरला, आणि एडमंड बर्कने वॉरन हेस्टिंग्जवर केलेल्या आरोपांचा आधार घेऊन त्याने टॅमनीचा म्होरक्या रिचर्ड क्रोकर याची तुलना हेस्टिंग्जशी आणि टॅमनीची तुलना ईस्ट इंडिया कंपनीशी केली. बंगालची लूट हे येथे न्यूयॉर्कच्या लुटीचे माप झाले आहे. साम्राज्य दूर असते आणि सुधारणा घरी असते, ही सुधारकांची सोयीची विभागणी ट्वेनने दोन्ही बाजूंनी मोडून काढली, हे या दोन लेखांवरून स्पष्ट होते. निवडणुकीत टॅमनीचा पराभव झाला. फिलिपाईन्समधील युद्ध मात्र चालूच राहिले.

न छापलेला मजकूर

बुद दाहोची तार न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आली तेव्हा ट्वेन आपले आत्मचरित्र सांगून लिहून घेत होता. १२ आणि १४ मार्च १९०६ रोजी त्याने या घटनेवर जे सांगितले, ते त्याच्या सर्व लेखनात सर्वांत कठोर आहे. येथे व्यापारी कंपनीचे रूपक नाही. तो केवळ तारा आणि मथळे वाचून दाखवितो. मेलेल्यांत बायका आणि मुले आहेत ही माहिती मथळ्यांत कशी घसरत घसरत येते, किरकोळ जखमी झालेल्या अमेरिकनांची बातमी कशी निगुतीने दिली जाते, अध्यक्षांनी वूडला ध्वजाची शान राखल्याबद्दल अभिनंदनाची तार कशी केली, हे तो एकामागून एक मांडतो.

त्यात त्याने वापरलेले एक क्रियापद अभ्यासण्यासारखे आहे. मोरोंना ठार मारले असे म्हणण्याऐवजी 'अबॉलिश' केले, असे तो म्हणतो. अमेरिकन इंग्रजीत हा शब्द गुलामगिरीच्या निर्मूलनाशी घट्ट जोडलेला आहे. मोरो प्रांतातही १९०३ मध्ये गुलामगिरी कायद्याने 'अबॉलिश' करण्यात आली होती. जी क्रिया एका वाईट प्रथेवर करायची, ती माणसांवर केली गेली, हे ट्वेनने एका क्रियापदात सांगून टाकले आहे.

परंतु हा मजकूर त्याने छापला नाही. तो प्रथम १९२४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. युद्धासाठी प्रार्थना करणाऱ्यांवरील त्याची कथा 'द वॉर प्रेअर' १९०५ च्या सुमारास लिहिली गेली आणि १९२३ मध्ये छापली गेली. येथे आपल्याकडील एक समकालीन उदाहरण सहज आठवते. शिवराम महादेव परांजपे यांचे 'काळ' पत्र १८९८ मध्ये पुण्यात सुरू झाले. त्यांच्या वक्रोक्तीची मराठीत ख्याती आहे. ती वक्रोक्ती निम्मी स्वभावातून आणि निम्मी राजद्रोहाच्या कायद्याच्या धाकातून आली होती, आणि इतके करूनही १९०८ मध्ये त्यांना तुरुंगवास झालाच. उर्दूत अकबर इलाहाबादी सरकारी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून शेरांच्या काफियांत इंग्रजी शब्द गुंफीत नव्या राज्याच्या नव्या चालीरीतींची टर उडवीत होते. या दोघांनी पारतंत्र्यात राहून आपले लेखन आपल्या हयातीत छापले. ट्वेन स्वतंत्र देशाचा नागरिक होता, त्याच्यावर राजद्रोहाचे कलम नव्हते, तरी त्याचा सर्वांत कठोर मजकूर कपाटात राहिला. यावरून ट्वेनला भेकड ठरविणे अन्यायाचे होईल, कारण १९०१ च्या निबंधाबद्दल त्याने पुष्कळ शिव्याशाप सोसले होते. पण स्वतःच्या चांगुलपणावर गाढ विश्वास असलेल्या समाजाची नाराजी ही तुरुंगाइतकीच परिणामकारक असू शकते, एवढा निष्कर्ष यातून निघतो.

त्या दिवसांत जे लोकांसमोर आले ते एक छायाचित्र होते. खंदकात पडलेल्या प्रेतांच्या राशीमागे सैनिक उभे आहेत, असे ते छायाचित्र. १९०७ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी स्टोरी यांना पत्र लिहून ते आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी मागितले होते. विद्यार्थ्यांना जिंकण्यासाठीच्या युद्धांचा अर्थ कळावा, हा त्यांचा हेतू होता. अटलांटातील कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातील एका प्राध्यापकाला या चित्राचे महत्त्व वाटावे, हे पुरेसे बोलके आहे.

ज्याला कोणी विचारले नाही

आता ट्वेनच्या मर्यादेकडे वळू. त्याच्या निबंधाचे शीर्षक अंधारात बसलेल्या माणसाला उद्देशून आहे. परंतु त्या माणसाला संपूर्ण निबंधात स्वतःचा आवाज नाही. तो गिऱ्हाईक आहे, तो फसविला जातो, त्याला संशय येतो. तो स्वतः काय म्हणतो, त्याच्याजवळ कोणता कायदा आणि कोणता इतिहास आहे, याचा पत्ता लागत नाही. १९०६ च्या टिपणात ट्वेन मोरोंचा उल्लेख रानटी म्हणून करतो. त्यात काही अंशी वर्तमानपत्री भाषेची नक्कल आहे. तरीही त्या नकलेच्या पलीकडे जाऊन मोरो कोण होते हे सांगण्याची गरज त्याला वाटलेली नाही. जॉर्ज एड याचे 'द सुलतान ऑफ सुलू' हे १९०२ मधील संगीत नाटक अमेरिकन परोपकाराचीच टिंगल करते, पण त्यातील सुलतान दारूच्या नशेने पस्तावणारा विदूषक आहे. अमेरिकन सुधारकाला मोरो सुधारण्याची वस्तू वाटला, अमेरिकन टीकाकाराला तो उपरोधाचे निमित्त वाटला. दोघांनीही त्याला विचारले नाही.

विचारण्याची सोय नव्हती, असे नाही. नजीब सलीबी हे मूळचे लेबनॉनचे, बैरुतच्या अमेरिकन महाविद्यालयात शिकलेले अरब ख्रिस्ती डॉक्टर. अमेरिकन सैन्याबरोबर ते फिलिपाईन्सला आले आणि पुढे मोरो प्रांतातील शाळांचे प्रमुख झाले. अरबी येत असल्यामुळे त्यांना स्थानिक दातूंच्या दप्तरापर्यंत पोहोचता आले. १९०५ मध्ये मनिला येथे छापलेल्या त्यांच्या ग्रंथात मागिंदानाओच्या तारसिला, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी, आणि 'लुवारान' ही कायद्याची संहिता अनुवादासह दिलेली आहे. ही संहिता शाफई फिकहच्या अरबी ग्रंथांवर आधारलेली असून तिच्या संदर्भांत 'मिन्हाज' आणि 'फत्हुल करीब' ही नावे येतात. कोकणपट्टीतील शाफई मुसलमानांना ही नावे परकी वाटणार नाहीत. म्हणजे ज्याला अंधारात बसलेला म्हटले गेले, त्याच्या घरी ग्रंथ होते, न्यायनिवाड्याची लिखित पद्धत होती आणि हिंदी महासागरापार पसरलेल्या विद्येच्या परंपरेशी त्याचे नाते होते. १९१३ मधील 'द मोरो प्रॉब्लेम' या पुस्तिकेत सलीबींनी असेही बजावले की मोरोंच्या विरोधाला धर्मवेड समजणे चूक आहे; त्यांच्या प्रमुखांना विश्वासात घेऊन आणि त्यांची रीत जाणून कारभार केला पाहिजे. हे पुस्तक बुद दाहोनंतर सात वर्षांनी आले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात होलो बेटावरील बुद बागसाक येथे पुन्हा शेकडो मोरो मारले गेले.

भाषेच्या शिक्षकाला यापेक्षाही बोलकी वाटावी अशी गोष्ट म्हणजे १८९९ चा करार. ऑगस्ट महिन्यात जनरल बेट्स आणि सुलतान जमालुल किराम दुसरा यांच्यात तो झाला. इंग्रजी मसुद्यात सुलूवर अमेरिकेचे सार्वभौमत्व मान्य केले होते. तौसुग मसुद्यात तो अर्थ तसा उतरला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेचे कॉन्स्टँटिनोपल येथील वकील ऑस्कर स्ट्रॉस यांनी सुलतान अब्दुल हमीद दुसरा यांना भेटून सुलूच्या मुसलमानांनी अमेरिकनांशी लढू नये असा संदेश मिळविला होता. उत्तरेकडील युद्ध चालू होते तोवर हा करार उपयोगी ठरला, आणि ते थंडावल्यावर १९०४ मध्ये अमेरिकेने तो एकतर्फी मोडला. वेष्टनावर एक आणि आत दुसरे, या ट्वेनच्या रूपकाला यापेक्षा नेमके उदाहरण मिळाले नसते. ते दोन भाषांच्या मध्ये दडलेले होते.

वाचकांच्या जबाबदारीविषयी

हा इतिहास वाचताना दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला मोह, याला इस्लामविरुद्धचे धर्मयुद्ध समजण्याचा. बायबलाच्या भाषेत बोलणारे अधिकारी होते हे खरे. पण सामार बेटावर १९०१ मध्ये जनरल जेकब स्मिथने जी होरपळ केली, ती कॅथलिक ख्रिस्ती लोकांची होती, आणि सुलूमध्ये काही दातू अमेरिकनांच्या बाजूला होते. दुसरा मोह अधिक नाजूक आहे. मोरो समाजात गुलामगिरी होती. ती ना अमेरिकनांनी रचलेली बदनामी होती, ना केवळ सौम्य चाकरी. 'लुवारान'मध्येच गुलामांसंबंधीची कलमे आहेत. बुद दाहोचे प्रेतांचे ढिगारे दाखवून ती कलमे झाकता येणार नाहीत. ज्यांना फुल्यांची 'गुलामगिरी' आपली वाटते, त्यांना तर मुळीच नाही. सुधारणा हवी होती, आणि तरीही ती तशी यायला नको होती, ही दोन्ही विधाने एकत्र धरून ठेवावी लागतात.

उर्दूत सुधारणेला इस्लाह हा शब्द आहे. शागीर्द आपली ग़ज़ल उस्तादाकडे नेतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ छाटतो. त्यालाही आपण इस्लाहच म्हणतो. ही इस्लाह उस्ताद कोणाच्या घरात शिरून करीत नाही. कागद शागीर्दच पुढे करतो, आणि बदललेला शब्द न पटला तर वाद घालण्याची रीतही मुशायऱ्याच्या जगात मान्य आहे. राज्यकारभार म्हणजे ग़ज़ल नव्हे, आणि गुलाम झालेला माणूस मालकाने कागद पुढे करण्याची वाट पाहत बसू शकत नाही, ही हरकत योग्यच आहे. त्यावर उत्तर एवढेच की, विचारायचे ते मालकाला नव्हे. ज्याच्यासाठी सुधारणा करायची त्यालाच विचारायचे. मोरो प्रांतात गुलामांना, बायकांना किंवा कर देणाऱ्या शेतकऱ्यांना विचारल्याचे दिसत नाही. बुद दाहोवर जे मेले, ते याच सामान्य कुटुंबांतील होते.

अमेरिकन सुधारणावाद दुसऱ्या रीतीनेही प्रवास करू शकत होता, याचा दाखला आपल्या जवळच आहे. १८९६ च्या जानेवारीअखेर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना ट्वेन बडोद्याला येऊन गेला होता. पुढे सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास बोलाविले. फिरती ग्रंथालये निघाली, आणि इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूर असलेले ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू झाले. येथेही निर्णय राजाचा होता, प्रजेचा नव्हता. म्हणून हे उदाहरण निर्दोष म्हणता येणार नाही. पण बॉर्डन बोलावल्यावरून आला, तीन वर्षे राहिला, आणि जे शिकवायचे ते लोकांच्या भाषेत उतरवण्याची व्यवस्था करून परत गेला. सलीबींनीही १९२४ मध्ये फिलिपाईन्सच्या शाळांत इंग्रजीऐवजी स्थानिक भाषांतून शिक्षण द्यावे अशी बाजू मांडली होती. ती त्या वेळी मान्य झाली नाही.

ट्वेनच्या लेखनाचे मोल यामुळे कमी होत नाही. स्वतःच्या राष्ट्राच्या चांगुलपणाला त्याच्याच मापाने मोजण्याचे धैर्य त्याने दाखविले, आणि सुधारणेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाला ते माप लागू आहे. परंतु एकटा ट्वेन वाचून हा इतिहास पुरता कळत नाही. अभ्यासक्रमात 'टू द पर्सन सिटिंग इन डार्कनेस' ठेवायचे असेल, तर त्याच्या शेजारी सलीबींनी जपलेल्या तारसिला आणि लुवारान ठेवल्या पाहिजेत. आपल्या संस्थाही सुधारणेच्या नावानेच उभ्या आहेत. कोणाच्या मुलीने किती शिकावे, कोणत्या भाषेत शिकावे, कोणती रूढी सोडावी, हे आपण रोज ठरवीत असतो. गासडीवर काय लिहिले आहे आणि आत काय आहे हे तपासण्याची सवय ट्वेन लावतो. ज्याच्या दारात आपण गासडी नेतो, त्याला आधी विचारण्याची सवय आपली आपल्यालाच लावून घ्यावी लागेल.